पृथ्वीविज्ञानाचे शिक्षक कसे घडले?

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने स्पुटनिक हा कृत्रिम उपग्रह सोडला आणि अमेरिकेत शालेय विज्ञान-शिक्षणाची झाडाझडती सुरू झाली. भौतिकशास्त्राच्या नव्या अभ्यासक्रमाचे काम १९५६ पासूनच चालू होते. जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र पाठोपाठ आले. पृथ्वीविज्ञानाची पाळी त्यानंतर आली. ‘अमेरिकन जिऑलॉजिकल इन्स्टिट्यूट’ने १९६३ मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथे त्यासाठी प्रकल्प सुरू केला.

हा अभ्यासक्रम नववीच्या मुलांसाठी होता. खडकांची आणि खनिजांची नावे घोकण्यावरचा भर त्यात कमी केला होता. पसरट ट्रेमध्ये वाळू भरायची, एका टोकाने पाणी सोडायचे आणि नदी वळणे कशी घेते, गाळ कुठे टाकते हे मुलांनी स्वतः पाहायचे, अशी त्याची रीत.

पण हे शिकवणार कोण? हा विषय ज्यांच्या वाट्याला आला, त्यांपैकी अनेक शिक्षकांनी कॉलेजात भूविज्ञान फारसे शिकलेलेच नव्हते. म्हणून ‘नॅशनल सायन्स फाउंडेशन’च्या मदतीने विद्यापीठांत भरणाऱ्या उन्हाळी वर्गांचा आधार घ्यावा लागला. तिथे शिक्षकांना विद्यावेतन मिळे. सुटीत शिकायचे तर घरखर्चाचे काय, हा प्रश्न त्यामुळे सुटला.

प्रकल्पाचे ‘इन्व्हेस्टिगेटिंग द अर्थ’ हे पुस्तक १९६७ मध्ये बाजारात आले. नेमक्या त्याच सुमारास, १९६७-६८ मध्ये, जेसन मॉर्गन, डॅन मॅकेन्झी आणि झेवियर ल पिशाँ यांच्या शोधनिबंधांतून भूपट्ट सांरचनिकी आकाराला आली. वेगेनर यांनी १९१२ मध्ये मांडलेल्या आणि बहुतेकांनी नाकारलेल्या भूखंडवहनाच्या कल्पनेला नवा पाया मिळाला. पर्वत कसे उभे राहतात, भूकंप ठरावीक पट्ट्यांत का होतात, या प्रश्नांची उत्तरेच बदलली.

आता हिशेब पाहा. १९६६ च्या उन्हाळ्यात शिकून आलेला पंचविशीतला शिक्षक पुढे तीसेक वर्षे वर्गावर उभा राहणार. वाळूचा ट्रे त्याला जन्मभर पुरेल; पण सागरतळावरील चुंबकीय पट्टे ट्रेमध्ये दिसत नाहीत. ते कळण्यासाठी त्याला पुन्हा विद्यार्थी व्हावे लागणार. पण सत्तरच्या दशकात हे वर्ग ओसरू लागले आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्यासाठीचा सरकारी निधी जवळजवळ आटला.

आपल्याकडेही धडा बदलला तो १९६७ मध्येच. दख्खनचे पठार स्थिर आहे, असे तोवर मानले जाई. ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनानगरला सुमारे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. भूपट्टांच्या सीमा तिथून दूर आहेत. हा भूकंप धरणाच्या जलाशयाशी जोडला गेला. म्हणजे नवा सिद्धांत शिकलेल्या शिक्षकालाही कोयनेसाठी वेगळा अभ्यास करणे भाग होते. १९९३ मध्ये किल्लारीने पुन्हा तेच बजावले.

प्रशिक्षणात पद्धत शिकता येते आणि ती टिकते. माहिती मात्र शिळी होते. म्हणून शिक्षकाचे एकच प्रशिक्षण कितीही उत्तम असले, तरी त्याला दुसऱ्याची जोड लागतेच. ती मिळाली नाही, तर तुटीची किंमत वर्गातली मुले मोजतात. जमीन हादरते तेव्हा ती किंमत फार मोठी असू शकते.