अनादि रूढीचें वय

लोणारच्या सरोवराच्या कांठीं उभें राहिलें म्हणजे आपली काळाची मोजमापें लटपटतात. सुमारें साडेसहा कोटि वर्षांच्या काळ्या पाषाणांत उल्केनें पाडलेलें हें विवर. तळाशीं खारें पाणी आणि कांठाजवळ गोड्या पाण्याची अखंड धार. अशा ठिकाणीं 'अनादि' हा शब्द मनुष्यानें जपून उच्चारावा. परंतु पाणवठ्यांवरील बंदीस आमच्या समाजानें हाच शब्द निःशंकपणें लाविला.

त्या शब्दाची परीक्षा महाडास झाली. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, असा श्री. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानें १९२३ सालीं संमत केला. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें खुलें ठरविलें. पण कागदावरील परवानगीनें तहान भागत नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे सहस्रावधि अनुयायी तळ्याचें पाणी प्याले. त्यांच्यावर हल्ला झाला, तळ्याची 'शुद्धि' झाली, आणि ऑगस्टांत नगरपालिकेनें आपलाच ठराव फिरविला. प्रकरण न्यायालयांत गेलें. ही रूढि अनादि असल्याचें वादी सनातन्यांस सिद्ध करतां आलें नाहीं, असा निर्णय मुंबई हायकोर्टानें १७ मार्च १९३७ रोजीं दिला.

लोणार वऱ्हाडांत असल्यामुळें मुंबईचा ठराव तेथें लागू नव्हता. तरी वऱ्हाडहि स्वस्थ नव्हतें. १९२७ च्या नोव्हेंबरांत अमरावतीस अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठीं डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालीं परिषद भरली. मध्यप्रांत-वऱ्हाडांत मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ सालीं झाला. पुढें १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेनें विहिरी, तलाव व स्नानाचे घाट यांचीं नांवें घेऊनच तेथील भेद निषिद्ध केला.

दक्षिण आफ्रिकेंत समुद्रकिनारेहि वर्णावरून वांटले गेले होते. त्या वांटणीस बळ देणारा कायदा १९५३ सालीं झाला व १९९० सालीं रद्द झाला. त्या कायद्याची जन्मतारीख सांगतां येते, म्हणून तो मनुष्यकृत आहे हें कोणासहि पटतें. आमच्या बंदीस जन्मतारीख नव्हती. म्हणूनच ती ईश्वरकृत भासली.

इतिहासानें येथें एकच काम करावें: प्रत्येक रूढीस तिचें वय विचारावें. वाचकांनींहि आपल्या घरांतील वृद्धांस विचारून पाहावें, गांवच्या विहिरीवर कोण पाणी भरीत असे, दूर कोण उभें राहत असे, आणि तें कोणी ठरविलें होतें? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें बहुधा लगेच मिळतील. तिसऱ्यास वडील मंडळी गप्प राहिली, तर त्या मौनासच आजवर आम्ही अनादि म्हणत आलों, हें ध्यानांत घ्यावें.