हक्कसोड पत्र आणि बौद्ध लेकींचा वाटा

चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागले की बावधननंतर भूगाव येते. जिथे भातखाचरे होती तिथे आज सोसायट्या उभ्या आहेत. जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. या पट्ट्यात सामाजिक काम करताना एक कागद वारंवार समोर येतो, तो म्हणजे हक्कसोड पत्र. जमीन विकायची ठरली की सासरी गेलेल्या बहिणींना गाडी पाठवून दुय्यम निबंधक कार्यालयात आणले जाते. कागद कोणी वाचून दाखवत नाही. एक साडी आणि "माहेर तुटायला नको" ही भीती, एवढ्यावर सही होते. दुःखाची गोष्ट म्हणजे आपली बौद्ध कुटुंबेही यात मागे नाहीत.

आपल्याला कोणता कायदा लागू आहे?

"आपण बौद्ध, मग हिंदू कायदा कसा?" असे तरुण विचारतात. हिंदू वारसा कायदा, १९५६ हा कलम २ नुसार बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. लेकीला वारसा मिळावा ही तरतूद बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलात होती. ते बिल रखडवले गेले, हे त्यांच्या सप्टेंबर १९५१ मधील राजीनाम्याचे एक प्रमुख कारण होते.

कायदा टप्प्याटप्प्याने असा बदलला:

• १९५६ : वडील मृत्युपत्र न करता वारले तर त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई यांना समान वाटा.

• १९९४ : महाराष्ट्राच्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क, मात्र आधीच लग्न झालेल्या मुली वगळल्या.

• ९ सप्टेंबर २००५ : केंद्राच्या दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद संपला. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेले वाटप मात्र कायम राहिले.

• ११ ऑगस्ट २०२० : विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की २००५ च्या त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही.

सही करण्याआधी

१. सातबारा आणि फेरफार पाहा. वारस नोंदीत सर्व बहिणींची नावे आहेत का ते तपासा. नाव वगळले असेल तर फेरफारावर मुदतीत लेखी हरकत घ्या.

२. हक्कसोड पत्र ऐच्छिक आहे. "सही करावीच लागते" असे सांगणारा खोटे बोलतो. कुलमुखत्यारपत्राच्या बाबतीतही हीच काळजी घ्या.

३. महार वतनाची परत मिळालेली जमीन भोगवटादार वर्ग २ असेल तर विक्रीला परवानगी लागते. ती मिळाली आहे का ते विचारा.

४. फसवून किंवा दबावाने सही घेतली असेल तर फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांच्या आत दिवाणी न्यायालयात दाद मागता येते.

५. वकिलाच्या फीची चिंता नको. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रिया आणि अनुसूचित जातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

वाटा मागणारी बहीण लोभी ठरते आणि तोच वाटा घेणारा भाऊ हक्कदार ठरतो. ही मनुस्मृतीचीच सावली आहे. १९२७ साली महाडला ती जाळली, पण घरातल्या दप्तरात ती अजून शिल्लक आहे. एखाद्या बहिणीने सगळे समजून, स्वखुशीने हक्क सोडला तर तो तिचा निर्णय. पण माहितीच न देता घेतलेली सही म्हणजे स्वखुशी नव्हे.

विहारात महिन्यातून एक रविवार सातबारा वाचायला शिकवण्यासाठी ठेवता येईल. आणि सुरुवात स्वतःच्या घरापासून करू या. आपल्या सातबाऱ्यावर आत्याचे नाव आहे का? बहिणीचे आहे का? व्यासपीठावर समतेचे भाषण करण्याआधी प्रत्येक तरुणाने हा उतारा एकदा काढून पाहावा.

जय भीम!