रेणूचा नुक्ता

उर्दू लिपीत ‘खुदा’ आणि ‘जुदा’ यांत फरक असतो तो एका नुक्त्याचा. टिंब वर दिलं तर खुदा, खाली दिलं तर जुदा. मी कवितेचा माणूस. पण टर्फेनाडिनची हकीकत वाचली आणि औषधाच्या रेणूलाही असा नुक्ता असतो, हे ध्यानात आलं.

शिंका-सर्दीच्या जुन्या गोळ्या मेंदूत शिरत आणि गुंगी आणत. १९८५ मध्ये अमेरिकेत टर्फेनाडिनला परवानगी मिळाली. झोप न आणणारी गोळी म्हणून तिचा मोठा बोलबाला झाला. मग १९९० मध्ये तिथल्या डॉक्टरांनी ३९ वर्षांच्या एका बाईची केस प्रसिद्ध केली. टर्फेनाडिनबरोबर तिने बुरशीवरचं कीटोकोनाझोल घेतलं होतं, आणि हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडले होते.

असं का व्हावं? टर्फेनाडिन पोटात गेलं की यकृतातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याच्या टोकाचा एक मिथिल गट बदलून तिथे आम्लगट करतं. शिंका थांबवतो तो मुख्यतः हा बदललेला रेणू. मूळ रेणू हृदयाच्या पेशींतली पोटॅशियमची वाट अडवतो. बदललेला अडवत नाही. कीटोकोनाझोल त्या विकराचेच हात बांधतं. एरिथ्रोमायसिनही तेच करतं. मग मूळ रेणू रक्तात साठत जातो.

१९९२ मध्ये वेष्टनाबरोबरच्या माहितीत ठळक इशारा आला. तरीही ही औषधं एकत्र लिहून देणं कमी झालं, थांबलं नाही. कागदावरचा इशारा पुरला नाही. उपाय रेणूतच करावा लागला. शरीर जी दुरुस्ती करत होतं, ती कारखान्यातच केली. तेच फेक्सोफेनाडिन. ते मेंदूतही फारसं शिरत नाही. त्याला १९९६ मध्ये मंजुरी मिळाली आणि १९९८ मध्ये टर्फेनाडिन अमेरिकेच्या बाजारातून गेलं. नवं औषध हृदयातली ती वाट अडवतं का, हे आधीच तपासण्याविषयी २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं ठरली.

शास्त्रज्ञांनी रेणूचा नुक्ता सुधारला. आपल्या हाती एवढंच आहे, की एका डॉक्टरांची चालू असलेली गोळी दुसऱ्या डॉक्टरांना न विसरता सांगावी. साधी सर्दीची असली, तरीही.