तळटीप १७ : गाउटची गोळी
१७. गाउटची गोळी : कोल्चिसीन. गाउटमध्ये पायाच्या अंगठ्याचा सांधा लालबुंद होऊन ठणकतो, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. त्यावरचे हे फार जुने औषध. ते कोल्चिकमच्या कंदात असते. युनानी हकिमांचे सुरंजान याच जातकुळीतले. आपल्याकडच्या कळलावीतही ते आहे, पण तिचा कंद जीवघेणा. घरगुती प्रयोग नकोत.

काकांना ही गोळी हृदयासाठी का दिली, ते लेखक सांगत नाहीत. रक्तवाहिनीच्या भिंतीत साठलेल्या कोलेस्टेरॉलभोवती पांढऱ्या पेशी जमतात, तिथे मंद दाह वर्षानुवर्षे धुमसतो. कधीतरी तो थर फुटतो, गुठळी होते आणि झटका येतो. कोल्चिसीन या पेशींची हालचाल रोखते. हृदयधमन्यांच्या जुनाट विकाराच्या ५,५२२ रुग्णांवरील 'लोडोको-२' चाचणीत (२०२०) रोजच्या ०.५ मिलिग्रॅममुळे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आदींचे एकत्रित प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले. अमेरिकेने २०२३ मध्ये या वापराला मान्यता दिली. झटक्यानंतर लगेच गोळी सुरू करणाऱ्या 'क्लिअर सिनर्जी' चाचणीत (२०२४) मात्र फायदा दिसला नाही. मूत्रपिंडे निकामी झालेल्यांना ती सहसा देत नाहीत.