बिदरीचा काळा रंग

माझ्या आजोळी एक बिदरी पानदान होते. काळ्याभोर अंगावर चांदीची वेलबुट्टी. एका ईदच्या आवराआवरीत कुणीतरी ते पितळेच्या भांड्यांबरोबर चिंचेने घासून काढले. पानदान लख्ख झाले, पण नक्षी दिसेनाशी झाली! चांदी जागेवरच होती. गेला होता तो फक्त काळा रंग. वर्गात भौतिक आणि रासायनिक बदल शिकविताना मला दर वर्षी ते पानदान आठवते.

बिदर ही पंधराव्या शतकात बहामनी सुलतानांची राजधानी झाली. १९५६ पर्यंत हे शहर मराठवाड्याबरोबरच हैदराबाद राज्यात होते. येथील कारागिरांनी घडविलेले सतराव्या शतकातील हुक्के आज लंडनच्या संग्रहालयातही जपून ठेवलेले आहेत.

आता हे काम कसे चालते ते पाहा. साधारण सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबे एकत्र वितळवून वाळूच्या साच्यात ओततात. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते. थंड झाले की पुन्हा घट्ट. धातू तोच, रूप निराळे. हा भौतिक बदल. मग कानशीने घासून वस्तू गुळगुळीत करतात व तिच्यावर मोरचुदाचे पाणी फिरवितात. मोरचुदातील तांबे जस्ताच्या पृष्ठभागावर बसते, तेवढेच जस्त पाण्यात उतरते आणि अंग काळसर होते. विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेत तुम्ही लिहिता ती विस्थापन अभिक्रिया हीच! पण कारागिराला हा रंग तात्पुरताच हवा असतो. काळसर अंगावर टोकदार हत्याराने ओढलेली रेघ स्पष्ट दिसते, एवढ्यासाठीच तो खटाटोप.

त्या रेघांवरून छिन्नीने खाचा कोरून चांदीची तार हातोडीने ठोकून बसवितात. तार वाकते, चपटी होते, पण चांदी चांदीच राहते. पुन्हा घासून वस्तू साफ केली की जस्त पांढरट, चांदीही पांढरी. महिनोन्‌महिन्यांची मेहनत जवळजवळ अदृश्य! आमच्या पानदानाची चिंचेने नेमकी हीच अवस्था केली होती.

शेवटी बिदरच्या किल्ल्यातील जुनी माती व नवसागर पाण्यात कालवून, तापविलेल्या वस्तूला ते मिश्रण चोळतात. पृष्ठभागावर नवाच काळा पदार्थ तयार होतो. चांदीवर मात्र त्याचा परिणाम होत नाही. नुसत्या जस्तावर असा रंग बसत नाही. त्याला ते एक भाग तांबे लागतेच. पुढे तेलाचा हात दिला की काळा रंग अधिकच खुलतो.

माती कोठलीही चालत नाही. वर्षानुवर्षे ऊनपाऊस न लागलेल्या जागेची हवी. ती योग्य आहे की नाही, हे जुने कारागीर जिभेवर चाखून ठरवितात. आमचे पानदानही पुढे बिदरला गेले आणि पुन्हा काळे होऊन आले. मामींनी ते सर्वांच्या हाताबाहेर, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले.