लिनक्स व अभियांत्रिकी आज्ञावल्या

लिनक्स व अभियांत्रिकी आज्ञावल्या : यंत्रभागांचे आरेखन, विश्लेषण व निर्मिती यांसाठीच्या व्यापारी आज्ञावल्या लिनक्स (१९९१) या मुक्त परिचालन प्रणालीवर उपलब्ध व्हाव्यात काय, हा वाद मुख्यतः १९९५ नंतर उद्‌भवला. तत्पूर्वी आरेखनाच्या मोठ्या आज्ञावल्या युनिक्स प्रणालीच्या महागड्या संगणकांवर चालत. वैयक्तिक संगणकासाठी निघालेल्या ऑटोकॅडच्या (१९८२) युनिक्स आवृत्त्याही काही काळ निघत. १९९७ ची चौदावी आवृत्ती मात्र केवळ विंडोजसाठी होती. सॉलिडवर्क्स (१९९५) तर आरंभापासूनच विंडोजपुरती मर्यादित राहिली.

इलेक्ट्रॉनिकीत याउलट घडले. संकलित मंडलांच्या आरेखनाच्या आज्ञावल्या युनिक्सवरून लिनक्सवर आल्या. तेथील ग्राहक मोजके, पण मोठे. त्यांची मागणी विक्रेत्यांना डावलता आली नाही. तेव्हा अडचण केवळ तांत्रिक होती, असे म्हणता येत नाही.

कोल्हापूरसारख्या केंद्रात ग्राहक असंख्य व लहान आहेत. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथील ओतशाळा व यंत्रशाळा वाहननिर्मात्यांना सुटे भाग पुरवितात. मागणीदाराने पाठविलेले आरेखन ज्या आज्ञावलीत तयार झाले, तीच बहुधा कारखानदारालाही घ्यावी लागते. मग लिनक्स विनामूल्य असून उपयोग होत नाही. लाकडी पॅटर्न माळ्यावरून काढून वापरण्यास पूर्वी कोणाचा परवाना लागत नसे.

लिनक्सची वितरणे अनेक, चित्रण-चालक भिन्न आणि चाचण्यांचा खर्च मोठा, हे विक्रेत्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु एकदोन ठराविक वितरणांपुरते साहाय्य देऊन हा भार आवरता येतो. ब्रिक्सकॅड ही व्यापारी आज्ञावली लिनक्सवर मिळते. ग्राहक कमी म्हणून आज्ञावली नाही आणि आज्ञावली नाही म्हणून ग्राहक कमी, हे चक्र विक्रेत्यानेच भेदणे अधिक सुकर आहे.

फ्रीकॅड (२००२), द्रायुगतिकीसाठी ओपनफोम आणि यंत्रनियंत्रणासाठी लिनक्ससीएनसी हे मुक्त पर्याय आहेत. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील ‘फॉसी’ प्रकल्पाने सायलॅब, ओपनफोम इत्यादींचा महाविद्यालयांत प्रसार केला. आरेखनांच्या देवघेवीसाठी ‘स्टेप’ हे आंतरराष्ट्रीय मानक १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र त्यातून सामान्यतः भागाचा अंतिम आकारच पोहोचतो. तो ज्या क्रमाने व ज्या मापसंबंधांनी रचला, ते मागे राहतात. त्यामुळे ओतीव भागाची जाडी दोन मिलिमीटरांनी बदलावयाची झाल्यास ओतशाळेला पुष्कळदा मूळ आज्ञावलीकडेच वळावे लागते.