लोवेनस्टाम, लिओपोल्ड

(१८४२–१८९८). डच अम्लरेखनकार. जन्म अ‍ॅमस्टरडॅमचा, कारकीर्द मुख्यतः लंडनमधली. सर लॉरेन्स अल्मा-टाडेमा (१८३६–१९१२) याच्या प्राचीन रोमविषयक चित्रांवरून त्याने केलेली अम्लरेखने (एचिंग) प्रसिद्ध आहेत. टाडेमाही मूळचा नेदर्लंड्सचा. १८७० मध्ये तो लंडनला स्थायिक झाला. दोघे मित्र होते.

टाडेमाने १८६३ मध्ये पाँपेई या प्राचीन रोमन शहराचे अवशेष पाहिले आणि पुढे रोमन जीवन हाच त्याचा मुख्य विषय झाला. त्याने रंगवलेला संगमरवर विशेष वाखाणला गेला. अम्लरेखनकाराची खरी कसोटी याच संगमरवरावर लागे, कारण चित्रातल्या निळसर, पिवळसर पांढऱ्या छटा त्याला एका शाईत उतरवायच्या असत. अम्लरेखनात तांब्याच्या पत्र्यावर मेण, राळ व डांबर यांचा थर देऊन त्यावर सुईने रेघा काढतात. पत्रा अम्लात बुडवला की उघड्या रेघा कोरल्या जातात. फिकट हव्या असलेल्या रेघा लवकर वार्निशाने झाकतात, गडद रेघांना पुन्हापुन्हा अम्ल देतात. म्हणजे उन्हातला दगड कोऱ्या कागदाचाच राहतो, त्यातल्या शिरा केसासारख्या रेघांनी येतात, तर काशाची भांडी व झाडी खोल कोरलेल्या रेघांतून काळी उमटतात. छाप उलटा येत असल्याने मूळ चित्र आरशात पाहून रेखाटण्याची पद्धत होती.

टाडेमाने १८८३ मध्ये लोवेनस्टामचे व्यक्तिचित्र रंगवून त्याला लग्नाची भेट दिली. खिडकीतला प्रखर उजेड मऊ करणाऱ्या पडद्यापाशी तो पत्र्यावर काम करताना त्यात दिसतो. कारागिराला त्याच्या कामात मग्न दाखवणारे हे चित्र त्या काळच्या मुद्रणकलेचा मोलाचा पुरावा आहे.

फ्रान्सिस सीमोर हेडन याने १८८० मध्ये लंडनमध्ये अम्लरेखनकारांची संस्था स्थापली आणि स्वतंत्र निर्मितीचा आग्रह धरला. त्यामुळे दुसऱ्याच्या चित्रावरून केलेले काम दुय्यम ठरू लागले. फोटोग्रॅव्ह्युअर या छायाचित्रावरून पत्रा कोरण्याच्या तंत्राने अशा कामाची बाजारपेठही घेतली. लोवेनस्टामला तरी दुय्यमतेचा हा न्याय लागू पडत नाही. रंगाचे रेघेत रूपांतर करताना प्रत्येक छटेचा निर्णय त्याला स्वतःलाच घ्यावा लागला. अशी छापचित्रे अनेकदा टाडेमाच्या नावाने ओळखली जातात. सही केलेल्या प्रतीत चित्राखाली साधारणतः डावीकडे चित्रकाराचे व उजवीकडे अम्लरेखनकाराचे नाव पेन्सिलीने लिहिलेले असते. ते उजवीकडचे नाव अवश्य वाचावे.